चेंबरमधली उजवी भिंत

पुण्याहून आलेले तज्ज्ञ म्हणाले, "हे काढून टाकावं लागेल," तेव्हा माझ्या हातात पाना होता. तो मी बाकावर ठेवला. ठेवला हे बरं केलं.

मी कोल्हापुरात, उद्यमनगरात इंजिनं दुरुस्त करते. वर्कशॉप आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं; विहिरीवरची, पाणी उपसायची इंजिनं बनवायचे ते. ते गेल्यापासून माझं. मेकॅनिकलची पदवी घेऊन मी इथंच लेथवर उभी राहिले, तेव्हा गिऱ्हाइकं दारातून आत डोकावून विचारायची, "मालक कुठं हायत?" मी म्हणायचे, "तुमच्या म्होरं उभी हाय की." असं विचारणाऱ्याचं काम मी जरा सावकाशच करायचे. आता कुणी विचारत नाही. एक तर मला ओळखतात, नाहीतर घाबरतात. दोन्ही चालतं.

तज्ज्ञ ज्या गाडीबद्दल बोलत होते ती गाडी आबांनी माझ्या जन्माआधी बांधली होती. एका माणसाला जेमतेम बसता येईल अशी, वरून उघडी, पायपांच्या सांगाड्याची शर्यतीची गाडी. इंजिन मात्र त्या काळी घरोघरी असायच्या त्या साध्या चारचाकीचं. त्या दिवसांत दक्षिणेत एका पडीक धावपट्टीवर शर्यती व्हायच्या. तिथं कोल्हापूरची गाडी न्यायची आणि मोठमोठ्या गॅरेजवाल्यांना धूळ चारायची, हे आबांचं वेड होतं. गाडी नेली. पहिल्याच शर्यतीत, पहिल्याच मोठ्या वळणावर इंजिन जाम झालं, आणि गाडी ट्रकवर घालून परत आली. पुढं आबांच्या भागीदारानं ती परस्पर विकून टाकली. उद्यमनगरात एवढीच गोष्ट सांगतात, आणि ती सांगताना हसतात. "विहिरीवरचं इंजिन शर्यतीला नेलतं," असं म्हणतात. मी लहान असल्यापासून हे ऐकत आलेय. लोक आबांच्या तोंडावर म्हणायचे. आबा एका शब्दानं उत्तर द्यायचे नाहीत. म्हणायचे, "चहा घेणार का?" त्यांच्या त्या चहाची मला चीड यायची.

गेल्या वर्षी शाहूपुरीतल्या एका गुळाच्या व्यापाऱ्यांना ही गाडी एका बंद गोदामात सापडली. या शेठना जुन्या गाड्यांचा नाद. त्यांनी ती उचलली आणि थेट माझ्या दारात आणून उतरवली. "तुमच्या वडिलांची हाय म्हणं. चालू करा," म्हणाले. मी गाडीकडं बघत राहिले. आयुष्यभर जिच्यावरून टोमणे ऐकले, ती पहिल्यांदा डोळ्यांनी बघत होते. धूळ, उंदरांनी कुरतडलेली सीट, गंज. पण हाताखाली तो सांगाडा गुळगुळीत लागला. वेल्डिंगचा एकेक टाका घासून सपाट केलेला. आबांचंच काम.

शेठना गाडी जुन्या शर्यतीच्या गाड्यांच्या एका प्रदर्शनाला न्यायची होती. तिथं गाड्या नुसत्या मांडत नाहीत, ट्रॅकवर पळवूनही दाखवतात. पण त्यांचा नियम कडक: गाडी तिच्या शर्यतीच्या दिवसांत शेवटची धावली तशीच पाहिजे. नंतरचं काही नको. ते तपासायला शेठनी पुण्याहून हे तज्ज्ञ बोलावले होते. माणूस सभ्य होता, अभ्यासू होता, हात काळे करायला लाजत नव्हता. म्हणूनच त्यांचा जास्त राग आला. मूर्ख माणसाशी भांडण लवकर मिटतं.

भांडण होतं चेंबरवरून. इंजिनाच्या पोटाखाली तेलाचं जे भांडं असतं त्याला आम्ही चेंबर म्हणतो. कारखान्यातून या इंजिनाला पत्र्याचं खोल चेंबर यायचं. आबांनी ते काढून ॲल्युमिनियमचं नवं ओतून घेतलं होतं, उथळ आणि पसरट, म्हणजे इंजिन खाली बसतं आणि गाडी जमिनीला धरून पळते. कल्पना चांगली. पण पसरट भांड्याचं एक दुखणं असतं. परातीत आमटी घेऊन वळणावर पळून बघा. तेल सगळं एका बाजूला जातं, मधली जाळी, जिच्यातून पंप तेल ओढतो, ती उघडी पडते, पंप हवा ओढतो आणि बेअरिंग कोरडं पडून जळतं. म्हणून आबांनी जाळीच्या बाजूला चेंबरमध्ये एक भिंत घातली होती. भिंतीला खिडकी, आणि खिडकीला चामड्याची झडप. विहिरीतल्या फूटव्हॉल्व्हला असते तशीच. तेल आत येईल, पण परत बाहेर जाणार नाही. ज्यांनी आयुष्यभर पाणी उपसायची इंजिनं बनवली त्या माणसांनाच हे सुचणार, आणि मला त्यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही.

अशा भिंती दोन होत्या. डावी भिंत चेंबरबरोबरच ओतलेली, एकसंध. उजवी मात्र वेगळी प्लेट, स्क्रूनं बसवलेली.

तज्ज्ञ आधी म्हणाले, अख्खं चेंबरच बदला, कारखान्याचं लावा. मी म्हणाले, "मग शर्यतीची गाडी कशाला म्हणता? शोरूममध्ये ठेवा. शर्यतीची गाडी म्हणजे जिला कुणीतरी मोडून पुन्हा बांधलंय ती." हे त्यांना पटलं. डाव्या भिंतीसकट चेंबर राहू द्यायला ते तयार झाले, कारण ते शर्यतीच्या आधीच ओतलेलं आहे हे उघड होतं. पण उजव्या प्लेटवर त्यांनी बोट ठेवलं. "ही नंतरची आहे. गाडी इतकी वर्षं कुठं कुठं पडून होती. कुणी मधल्या मेकॅनिकनं लावली असेल. ही निघेल."

ती प्लेट आबांनी लावली हे मला बघताक्षणीच कळलं होतं. कडांची धार ज्या पद्धतीनं कानशीनं मोडली होती तशी मोडायला मी त्यांच्याकडूनच शिकले. पण "मला कळलं" हा काही पुरावा नव्हे. आणि मला ती प्लेट जाऊ द्यायची नव्हती. गाव म्हणत होतं, हा माणूस एकदा हरला आणि गप्प बसला. ती प्लेट म्हणत होती, गप्प बसला नाही, परत येऊन काहीतरी केलं. ती काढली असती, तर आबांचं शेवटचं उत्तर मी माझ्याच हातानं भंगारात टाकल्यासारखं झालं असतं.

"मला एक दिवस द्या," मी म्हणाले.

चेंबर बाकावर घेतलं आणि आत दिवा धरला. आतल्या बाजूला तपकिरी, चकचकीत थर होता, नखानं निघत नव्हता. शेठ वाकून बघत होते. म्हणाले, "ह्ये तर गुळाच्या काहिलीला लागलेल्या पाकागत दिसतंय की." बरोबर होतं त्यांचं. तो एरंडेलाचा थर होता. त्या काळी शर्यतीच्या इंजिनात एरंडेल घालायचे. ते उष्णतेला टिकतं, पण जळलं की असं लाखेसारखं चिकटून बसतं. रोजच्या वापरातल्या तेलानं असा थर येत नाही, आणि शर्यतीबाहेर इंजिनात एरंडेल कोण ओतणार? मी तज्ज्ञांना जवळ बोलावलं आणि त्यांच्यासमोर उजव्या प्लेटचे स्क्रू सोडवले. प्लेट उचलली. तिच्याखाली, जिथं ती चेंबरला टेकत होती तिथं, तोच तपकिरी थर. म्हणजे प्लेट बसायच्या आधी एरंडेल. मग प्लेटच उलटीपालटी करून दाखवली. तिच्या अंगावरही तोच थर, स्क्रूच्या डोक्यांवरसुद्धा. म्हणजे प्लेट बसल्यानंतरही एरंडेल. मधल्या कुणा मेकॅनिकचं ते काम नव्हतं. शर्यतीचे दिवस संपायच्या आत लागलेली होती ती.

तज्ज्ञांनी बराच वेळ बघितलं, फोटो काढले. मग चष्मा पुसत म्हणाले, "हे मान्य. पण बघा, खालचा थर जाड आहे, वरचा पातळ. प्लेट लावल्यावर इंजिन थोडंच चाललं. ते रस्त्यावर धावलं, की इथंच उभं करून चालवलं? धावलं असेल तर प्लेट राहील. सांगणारं कुणी आहे का?" मी प्लेट परत जागेवर टेकवली. मग त्यांनी सहज विचारलं, "आणि मला एक कळत नाही. आधी फक्त डावीकडेच भिंत का घातली? तेल दोन्हीकडे जातं. हा विचार करणारा माणूस एक बाजू विसरेल कसा?"

सगळी रात्र तो प्रश्न दातात अडकल्यासारखा झाला. डावी भिंत डावीकडं जाणारं तेल अडवते, म्हणजे गाडी उजवीकडं वळताना कामाला येते. डावीकडं वळलं की तेल उजवीकडं, आणि उजवीकडं मोकळं रान. एवढं शेंबड्या पोरालाही कळेल. आबांना कळलं नाही? मग गाव हसलं ते बरोबरच हसलं म्हणायचं का? आपल्याच बापावर शंका घ्यायची पाळी आणली त्या माणसानं, असं म्हणत मी सकाळी मोटारसायकल काढली आणि मलकापूरच्या रस्त्याला लागले.

मलकापुरात चाचा राहतात. त्या शर्यतीत गाडी चाचांनी चालवली होती. आबांच्या लेथवरच त्यांचा हात तयार झाला, पुढं स्वतःचा लेथ घालून मलकापूरला गेले. आबांच्या मातीला आले होते, त्यानंतर भेट नव्हती. आता त्यांना दिसतं कमी, पण आवाज अजून वर्कशॉपमधला, चालू मशीनवरून ओरडावं तसा.

"गाडी घावली व्हय? अल्ला! आन् चेंबर तसंच हाय?" त्यांनी मला बसवलं, चहा मागवला.

मी विचारलं, "चाचा, शर्यतीत झालं काय नेमकं?"

"काय हुनार? डावीकडं मोठं वळण आलं. मी हाणली. काटा झपकन् खाली. तेलाच्या दाबाचा काटा गं. मी पाय काढंस्तवर इंजिन जाम."

"मग आधी कळलं कसं नाही? तुम्ही टेस्ट घेतलीच नव्हती का?"

चाचांना राग आला. "न्हाय कशी घेतली? म्हयनाभर घेतली! वडगावच्या पुढं त्यो बिरोबाचा माळ न्हाय का? मधी देऊळ, भवतीनं कडक मुरूम. दर आयतवारी तितंच गाडी फिरवायचो. सुसाट. काटा हलायचा न्हाय."

"कुठल्या बाजूनं फिरवायचा?"

चाचा माझ्याकडं असे बघायला लागले जणू मी वेड्यागत काहीतरी विचारलंय. "म्हंजे? देवाला कुठल्या बाजूनं फिरत्यात?"

मी कप खाली ठेवला. देवाला उजव्या हाताला ठेवून फिरतात. जन्मात कुणी उलटं फिरत नाही. म्हणजे महिनाभर गाडी फक्त उजवीकडं वळत राहिली. पहिल्या दिवशी तेल डावीकडं जातंय हे आबांना दिसलं, त्यांनी डाव्या भिंतीसकट चेंबर नव्यानं ओतून घेतलं, काटा स्थिर झाला, आणि सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. दुसऱ्या बाजूनं फिरवून बघावं हे एकाच्याही मनात आलं नाही. यायचं कसं? इंजिनाचं ज्ञान कमी पडलं नव्हतं. देवाभोवती कसं फिरायचं हे अंगात इतकं मुरलेलं होतं की त्याला दुसरी बाजू असते हेच कुणाला दिसलं नाही. मला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. चाचाही हसत होते.

"तुझ्या बापालाबी निपाणीत कळलं," ते म्हणाले. "ट्रकवर गाडी घालून येताना च्या प्यायला थांबलो. त्यो कवाधरनं मुका. बशीत च्या वतला, बशी हिकडं कलली, तिकडं कलली, आन् एकदम वरडला, 'आरं, आपण देवाला फिरलो, गाडीला फिरवलंच न्हाय!' हितं आल्यावर पयलं काम काय, तर उजव्या अंगाला प्लेट ठोकली. इंजिन नव्यानं भरलं. आन् म्हनला, चला माळावर, उलटं फिरूया."

"मग फिरलात?"

चाचांनी दाढीवरून हात फिरवला. "मी बसलोतो गाडीत. तुझ्या बापानं मला उतरवलं. म्हनला, तू मुसलमान माणूस, तू देवाला उलटा फिरलास तर गाव तुला सोडायचं न्हाय. माझं मी बघतो. आन् सोता बसला. त्येला गाडी हाणायची सवय न्हाय, तरी बसला. डावीकडनं फिरला, फेऱ्यावर फेऱ्या. मी देवळाच्या कट्ट्यावर उभा हुतो. उतरला तवा नुसता हसत हुता. काटा हलला न्हवता."

"मग हे कुणाला सांगितलं का नाही? लोक त्यांना जन्मभर हसले!"

चाचा माझ्या पायाकडं बघत होते.

माझं डावं पाऊल जन्मापासून आत वळलेलं आहे. लहानपणी प्लास्टर झालं, लोखंडी बूट झाले, बरंच सरळ आलं, तरी चालताना लंगडते. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पाऊल आहे, काम करतं. पण नात्यातल्या बायका कुजबुजायच्या, "बापाचं केलेलं पोरीच्या पायात आलंय." मला वाटायचं, शर्यतीच्या नादाबद्दल बोलतात. नादापायी पैसा गेला, इलाज उशिरा झाला, असं काहीतरी.

"तवा तू पोटात हुतीस," चाचा म्हणाले. "तू झालीस आन् गावात बोलणं सुरू झालं, देवाला उलटा फिरल्याचं फळ म्हनून. तुझ्या आयनं त्येला तुझी शपथ घातली. माळाचं नाव काढायचं न्हाय, गाडीचंबी न्हाय. भागीदारानं गाडी इकली, तरी त्यो बोलला न्हाय."

मलकापूरहून परत येताना मी मोटारसायकल किती वेगानं हाणली ते सांगत नाही. संताप आला होता, आणि तो नेमका कुणावर काढायचा ते ठरत नव्हतं. लोक "चहा घेणार का" ऐकून त्यांना भित्रा समजले. मीही समजले. आणि त्या माणसानं माझं नाव मध्ये आलं म्हणून जीभ दातांखाली धरून सगळं आयुष्य काढलं.

घरी आई भाजी निवडत बसली होती. मी चप्पलसुद्धा न काढता म्हणाले, "मी ती गाडी घेऊन बिरोबाच्या माळावर जाणार आहे. उलटी फिरवणार आहे."

आईच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. कुणी सांगितलं, असं तिनं विचारलंही नाही. "मी मेल्यावर काय करायचं ते कर," म्हणाली.

"नाही. तू जिवंत असतानाच करणार."

"तुला काय झालं म्हंजे?"

"मला जे व्हायचं ते जन्मायच्या आधीच झालंय ना? मग आता कशाला भ्यायचं?" मी म्हणाले. "आणि आई, पोटात पाऊल वाकडं वाढतं, ते डॉक्टरांनी तुला सांगितलं होतं. गाडीनं नाही वाकडं होत. देवानंही नाही केलं. कुणाच्या पोरीचा पाय वाकडा करत बसायला देव एवढा रिकामा आहे का?" ती जेवली नाही. मीही नाही. दोघींनी एकमेकींकडं पाठ करून रात्र काढली.

तज्ज्ञांना मी फोनवर सगळं सांगितलं, लपवलं काही नाही. ते म्हणाले, "साक्षीदार एक आहे, तो तुमच्या घरोब्यातला. पण त्या प्लेटनं काटा खरंच स्थिर राहतो हे दिसलं, तर त्यांच्या सांगण्याला वजन येईल. मी येतो." झडपांचं जुनं चामडं पापडासारखं कडक झालं होतं. त्यांनी तेलाला टिकणारं रबर सुचवलं. मी पंपाच्या दुकानातून चामड्याचेच वायसर आणले आणि तशाच झडपा कापून लावल्या. क्लचच्या पेडलला लाकडाचा ठोकळा बांधला, म्हणजे माझं पाऊल पुरतं. गाडी चालवायला शेठनी एक तरणा ड्रायव्हर बघतो म्हटलं होतं. मी त्यांच्याकडं नुसतं बघितलं. त्यांनी विषय बदलला.

माळ आता पूर्वीएवढा राहिलेला नाही. एका अंगाला प्लॉट पडलेत, खांब रोवलेत. पण देवळाभोवतीचा मुरूम तसाच आहे, कडक. आम्ही सकाळी पोचलो. गाडी टेम्पोतून उतरवत होतो, तेवढ्यात मागून शेठची गाडी आली, आणि तिच्या पुढच्या सीटवरून माझी आई उतरली. मला न सांगता तिनं शेठना फोन केला होता. माझ्याशी एक शब्द बोलली नाही. देवळात गेली, भंडारा कपाळाला लावला, आणि कट्ट्याच्या टोकाला पदर घट्ट धरून उभी राहिली.

तज्ज्ञांनी तेलाच्या काट्यासमोर मोबाइल बांधला, रेकॉर्डिंग चालू केलं. मी आधी सरळ फिरले, देव उजव्या हाताला ठेवून. काटा स्थिर. तोपर्यंत कट्ट्यावर गावातली पाच-सहा माणसं जमली होती, मजा बघत. मी थांबले, गाडी वळवली आणि तोंड उलट्या दिशेला केलं, तेव्हा त्यातला एक फेटेवाला उठून पुढं आला.

"ओ ताई, उलटं फिरू नगा. चांगलं नसतंय."

"पावणं," मी म्हणाले, "तुमच्या देवाला दोन्ही बाजूंनी बघता येतंय. मला हितनं बघू द्या."

"काय झालं तर?"

"झालं तर माझं होईल. बाजूला व्हा."

तो झाला. मी क्लच सोडला.

पहिली फेरी सावकाश घेतली. मग दाबलं. गाडी उजव्या अंगाला झुकायला लागली, मुरूम मागं उडत होता, हाताला हिसके बसत होते. देऊळ डाव्या खांद्याशी फिरत होतं. मी काट्याकडं बघत होते. देवाची शपथ, मला भीती वाटत होती, आणि ती कुठल्या कोपाची नव्हती. काटा पडला तर आबा चुकले असं होईल, एवढीच होती. अजून दाबलं. शर्यतीत अशाच डाव्या वळणावर चाचांचा काटा झपकन् खाली आला होता. माझा होता तिथंच होता. जरासा थरथरत होता, इंजिनाच्या ठोक्याबरोबर. मी आणखी फिरले, गरज नसताना फिरले. मग मोठ्यानं ओरडले, काय ओरडले ते मला आठवत नाही.

उतरले तेव्हा तज्ज्ञ मोबाइल सोडवत होते. त्यांनी रेकॉर्डिंग दोनदा बघितलं. "प्लेट राहील," म्हणाले. "गाडी शेवटची धावली तेव्हा जशी होती, तशी, असं मी लिहून देतो. आणि एक बाजू विसरले असं मी म्हटलं होतं, ते मागं घेतो. मीही दुसऱ्या बाजूनं फिरलो नसतो." शेठ म्हणाले, "मग ठरलं की." ते लगेच टेम्पोवाल्याला हाका मारायला लागले.

मी मोबाइल घेतला आणि आईजवळ गेले. तिच्या हातात दिला. चष्मा तिनं आणला नव्हता, म्हणून ती मोबाइल लांब धरून बघत होती.

"ह्यो काटा हितंच ऱ्हायला तर काय?"

"तर इंजिनाला तेल मिळतंय."

"डावीकडं फिरतानाबी?"

"डावीकडं फिरतानाबी."

ती बघत राहिली. रेकॉर्डिंग संपलं, पडदा काळा झाला, तरी बघत राहिली. मग म्हणाली, "त्या दिवशी त्ये घरी आले ते रस्त्यातनंच वरडत आले. 'काटा हलला न्हाय, काटा हलला न्हाय.' आळीतली माणसं बाहीर यायला लागली. मी दारात गेलो आन् त्येंच्या तोंडावर हात ठेवला."

तिचे डोळे भरले होते. इतर कुणी असतं तर म्हटलं असतं, जाऊ दे आता, झालं गेलं. मला तिचा राग आला होता आणि तिच्यावर माया पण होती, पण 'जाऊ दे' माझ्या तोंडातून निघेना.

"मग आता काढ हात," मी म्हणाले.

आईनं पदरानं तोंड पुसलं. मोबाइल माझ्या हातात दिला. मग ती कट्ट्यावरच्या त्या अनोळखी माणसांकडं वळली आणि अख्ख्या माळाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "ऐकलं का ओ पावणं? माझ्या मालकांचा काटा हलला न्हवता!"